कच्चे सोयाबीन आणि अडकलेली किल्ली

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावच्या आसपास पावसाळ्यात फिरलो, तर सोयाबीनची हिरवी शेते नजरेत भरतात. या भागातली मुले बारावीनंतर विज्ञान शाखेत जातात आणि लवकरच त्यांची गाठ शारीरक्रिया-रसायनशास्त्राशी पडते. पुस्तकात विकरांची म्हणजे एन्झाइमांची यादी असते. कोणते विकर कोठे स्रवते, कशावर क्रिया करते, किती आम्लतेला चालते, हे सारे पाठ केले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. ज्या पिकावर घर चालते त्याच पिकाच्या दाण्यात या प्रकरणाचा अर्धा भाग दडला आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

तो कसा, हे आपण पाहू या.

सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत साधारण 22 टक्के. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ही माळ आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जात नाही; आधी तिचे मणी सुटे व्हावे लागतात. हे काम जठरात सुरू होते आणि लहान आतड्यात पुढे जाते. तेथे स्वादुपिंडाच्या रसातले ट्रिप्सिन हे विकर माळेत लायसिन किंवा आर्जिनिन हा मणी आला की त्याच्या पुढे माळ तोडते. 1894 साली एमिल फिशर यांनी विकर आणि त्याचा पदार्थ यांच्या नात्याला कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. ती येथे चपखल बसते.

आता गंमत अशी, की सोयाबीनच्या दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनेही असतात. त्यांना ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. रोधकाचा एक भाग ट्रिप्सिनच्या कुलुपात नेमका बसतो, पण सहजी बाहेर पडत नाही. किल्ली कुलुपात अडकावी तसे ते विकर निकामी होते. वनस्पतीच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. दाणे खाणाऱ्या किडीला ते पचू नयेत अशी ही तजवीज असते.

1917 साली ऑसबॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांना दिसले, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. प्रथिने तीच, मग फरक कसला? पुढे 1945 साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधला रोधक स्फटिकरूपात वेगळा केला आणि कोड्याचा मोठा भाग सुटला. प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट कळली. ट्रिप्सिन अडकून पडले, की स्वादुपिंड अधिक ट्रिप्सिन तयार करते. ट्रिप्सिन हेही प्रथिनच, आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले बरीच असतात. सोयाबीनमध्ये नेमकी हीच कमी. म्हणजे आधीच तोकडे असलेले भांडवल विकर बनवण्यात खर्च होते.

आपल्याकडच्या कडधान्यांतल्या रोधकांचा अभ्यास मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी यांनी केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. बंगळूरच्या संस्थेत त्यांना स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला गेला होता. त्या हटल्या नाहीत, 1933 साली प्रवेश मिळवला आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. परतल्यावर डाळी, कडधान्ये, नीरा असे सामान्य माणसाच्या आहारातले पदार्थ त्यांनी प्रयोगशाळेत आणले.

आता प्रयोग. ट्रिप्सिन-रोधक शाळेत मोजणे कठीण आहे, पण सोयाबीनमध्ये युरिएझ नावाचे एक विकरही असते. ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते. एक चमचा कच्चे सोयाबीन बारीक वाटून अर्धा कप पाण्यात दहा मिनिटे ठेवा आणि गाळा. गाळलेल्या द्रवाचे तीन भाग करा. पहिल्या भागात चिमूटभर युरिया टाका. दुसरा भाग दहा मिनिटे उकळा, थंड होऊ द्या आणि मग त्यात तेवढाच युरिया टाका. तिसऱ्यात काहीच टाकू नका. पंधरा-वीस मिनिटांनी तिन्हींत लाल लिटमस बुडवा. तो पहिल्या नळीत निळा होईल, उरलेल्या दोन्हींत लालच राहील. द्रव चाखू मात्र नये. तिसरी नळी कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा.

उकळल्याने युरिएझची घडी विस्कटते आणि त्याचे काम थांबते. रोधकही प्रथिनच असल्याने ओलसर उष्णतेने त्याचीही तीच गत होते. दोघे साधारण सारख्याच उष्णतेला निष्प्रभ होतात, म्हणून पशुखाद्याची सोयाबीन पेंड पुरेशी भाजली गेली का, हे पाहायला कारखान्यांतही युरिएझचीच चाचणी घेतात. उष्णता अती झाली, तरी तोटाच. लायसिनची हानी होते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पोळ्या पौष्टिक व्हाव्यात म्हणून गव्हात मूठभर कच्चे सोयाबीन टाकून गिरणीत दळून आणण्याची पद्धत अनेक घरांत आहे. हेतू चांगला, पण पोळी तव्यावर मिनिट-दीड मिनिटच राहते. तेवढ्याने रोधक पूर्ण निष्प्रभ होईलच असे नाही. त्यापेक्षा सोयाबीन रात्रभर भिजवून, वीस-पंचवीस मिनिटे उकळून, कडक उन्हात वाळवून मग दळावे. खर्च इंधनाचा आणि थोड्या वेळाचा. लाभ मात्र लेकराच्या अंगी लागणाऱ्या प्रथिनांचा.

आणि सोबत भाकरी असावीच. ज्वारीत लायसिन कमी, डाळी-सोयाबीनमध्ये गंधकयुक्त मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या आजीने अमिनो आम्लांची नावे ऐकली नव्हती, पण भाकरीशेजारी वरण वाढायला ती कधी विसरली नाही.

शिक्षकांनी हे प्रकरण शिकवताना फळ्यावर विकरांची यादी लिहिण्याआधी मूठभर सोयाबीन टेबलावर ठेवून पाहावे. आसेगावचा विद्यार्थी त्या दाण्याचा बाजारभाव शिक्षकांपेक्षा नेमका सांगेल. त्याचे आतले मोल त्याला आपण सांगायचे आहे.