विक्री वाढली, नफा मात्र घटला

‘डी-मार्ट’ दालने चालवणाऱ्या अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीचे जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीतील एकत्रित उत्पन्न सुमारे १७ टक्क्यांनी वाढून १४,८७२ कोटी रुपयांवर गेले. निव्वळ नफा मात्र आदल्या वर्षीच्या ५६३ कोटींवरून ५५१ कोटी रुपयांवर उतरला. शंभर रुपयांच्या विक्रीमागे कंपनीच्या हाती पूर्वी सुमारे ४ रुपये ४० पैसे उरत होते, ते आता ३ रुपये ७० पैशांवर आले. किराण्याच्या व्यापारात हे सत्तर पैसे क्षुल्लक नसतात.

कंपनीने त्याची कारणे दडवली नाहीत. साबण, बिस्किटे अशा नित्योपयोगी वस्तूंमध्ये स्पर्धा तीव्र झाली, कनिष्ठ कर्मचाऱ्यांचे वेतन वाढले आणि बिलाच्या रांगा लवकर सरकाव्यात यासाठीही खर्च करावा लागला. मोठ्या शहरांतील दालनांना घरपोच किराण्याची झळ बसत असल्याची कबुली तर ऑक्टोबर २०२४ मध्येच मिळाली होती.

याला जोड विस्ताराची. त्या आर्थिक वर्षात सुरू झालेल्या ५० दालनांपैकी २८ या एकाच तिमाहीत उघडली आणि एकूण संख्या ४१५ झाली. नव्या दालनाचा पगार, वीज आणि मालाचा साठा पहिल्या दिवसापासून अंगावर पडतो. ग्राहकांची वर्दळ मात्र सावकाश जमते.

२००२ साली मुंबईत पहिले दालन सुरू करणाऱ्या राधाकिशन दमाणी यांच्या कंपनीची विस्ताराची रीत निराळी आहे. देशभर एकदम हातपाय पसरण्याऐवजी एका प्रदेशात आसपास अनेक दालने काढायची आणि जवळच्याच गोदामांतून माल पुरवायचा. महाराष्ट्र आणि गुजरातेत पाय रोवल्यावर ती दक्षिणेकडे व उत्तरेकडे सरकली. जागाही शक्यतो स्वतःच्या मालकीची. त्यामुळे भाडेवाढीचा जाच टळतो, पण भांडवल अडकते आणि मोक्याच्या जागेसाठी वाट पाहावी लागते. दहा मिनिटांत माल घरी पोचवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे हा संथपणा अधिकच डोळ्यांत भरतो.

तरीही केवळ नफ्याच्या आकड्यावरून धंदा खालावला असे म्हणणे घाईचे ठरेल. दोन वर्षे वा त्याहून जुन्या दालनांची विक्री याच तिमाहीत ८.१ टक्क्यांनी वाढली होती. नव्या दालनांचा फुगवटा त्यात नसल्याने गुंतवणूकदारांनी आधी पाहावा तो हाच आकडा.