जुन्या स्पीकर्ससाठी स्थळ पाहिजे!

घरातल्या जुन्या स्पीकर्सना अ‍ॅम्प्लिफायर शोधताय? मग खोक्यावरचे वॉट नंतर बघा. आधी स्पीकरच्या पाठीवरची पत्रिका वाचा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावाकडच्या घरी असा एखादा खजिना धूळ खात पडलेला असतो. कुणाकडे फिलिप्सची जोडी, कुणाकडे कोलकात्याच्या सोनोडाइनची, तर कुणाच्या नातेवाइकाने आखातातून आणलेलं काहीतरी भारदस्त. आमच्या मोहोळच्या घरी वॉर्फडेल आहेत. थोरले काका मस्कतला नोकरीला होते. १९८० च्या दशकात सुट्टीवर येताना ते ही जोडी घेऊन आले. काका आता नाहीत, आणि त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर तर त्यांच्याही आधी गेला. उरली ती दोन लाकडी खोकी. आई त्यांच्यावर फुलदाणी ठेवते आणि बाबा त्यांना भंगारवाल्याच्या नजरेलाही पडू देत नाहीत.

यंदा बोनस झाला आणि मी ठरवलं, आता यांना बोलतं करायचं! झालं, सल्ल्यांचा पाऊस सुरू. चुलतभाऊ म्हणाला, "पाच हजार वॉटवाला घे, गल्ली हादरली पाहिजे." शेजारचे अण्णा म्हणाले, "कशाला खर्च करतो? मंडपवाल्याचा अहुजा लाव की." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "ब्लूटूथ आहे ना, मग झालं."

गंमत बघा, स्पीकर काय म्हणतात हे कुणीच विचारलं नाही. आणि खरा मुद्दा तोच आहे. अ‍ॅम्प बिघडला तर दुसरा मिळतो. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा ट्वीटर एकदा जळला, की तसाच परत मिळेल याची गॅरंटी नाही. म्हणून या लग्नात चालायचं ते स्पीकरचंच.

आधी तब्येत

समोरची जाळी काढा आणि मोठ्या स्पीकरच्या कडेची गोल पट्टी बघा. रबराची असेल तर नशीब. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे वेगळं सांगायला नको. पट्टी नवी बसवता येते, पूर्ण स्पीकर बदलायची गरज नसते. मग दोन्ही हातांची बोटं पसरून कोन हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर आतली कॉइल घासतेय.

आता घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि दोन वायरींनी स्पीकरच्या टर्मिनल्सना क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज येऊन कोन हलला तर वूफर जिवंत आहे. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर आला, की पोलॅरिटीही बरोबर. ट्वीटरची परीक्षा मात्र गाणं लावल्यावरच. आत क्रॉसओव्हरमध्ये जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर ते इतक्या वर्षांत सुकलेले असू शकतात. त्याच मायक्रोफॅरडचे, नॉन-पोलर प्रकारचे नवे टाकून घ्या. किरकोळ खर्चात आवाजावरची धूळ झटकली जाते.

छत्तीस गुण नकोत, दोनच बघा

पहिला गुण ओहमचा. स्पीकरमागच्या पट्टीवर ४, ८ किंवा १६ असा आकडा असतो. पट्टी पुसली गेली असेल तर मल्टिमीटर लावा. तो नेहमी थोडं कमी दाखवतो. साडेपाच ते सातच्या आसपास आलं तर स्पीकर बहुधा ८ ओहमचा, तीन-साडेतीन आलं तर ४ चा. ज्या अ‍ॅम्पवर '८ ते १६ ओहम' लिहिलंय, त्याला ४ ओहमचा स्पीकर जोडू नका. जास्त करंट ओढला जातो आणि अ‍ॅम्प तापून बसतो. उलट, १६ ओहमचा स्पीकर आजच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला चालतो, फक्त पॉवर कमी मिळते.

दुसरा गुण सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. समजा तो ९० डेसिबल आहे. मग १० वॉटला १०० होतात, २० ला १०३ आणि ४० ला १०६. थोडक्यात, वॉट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल! हॉलमध्ये गप्पा मारत गाणी ऐकताना आपण एक-दोन वॉटच्या पुढे क्वचितच जातो.

वॉटचा फंडा

वॉर्फडेल ही कंपनी गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात सुरू केली. याच ब्रिग्जनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि रेकॉर्डिंग एकाच कार्यक्रमात ऐकवायचा घाट घातला. सोबत होते क्वाड अ‍ॅम्प्लिफायरवाले पीटर वॉकर. हॉल सुमारे तीन हजार खुर्च्यांचा, आणि त्या काळच्या क्वाड टू अ‍ॅम्पची ताकद होती प्रत्येकी १५ वॉट! मग आपल्या बारा बाय पंधराच्या खोलीला पाच हजार वॉट कशाला?

पण म्हणून अगदीच किरकोळ अ‍ॅम्पही नको. छोटा अ‍ॅम्प शेवटापर्यंत पिळला की आवाजाची लाट वरून कापली जाते. याला क्लिपिंग म्हणतात. त्यातून वरच्या पट्टीतली जादा ऊर्जा थेट ट्वीटरवर जाते आणि बिचारा जळतो. स्पीकरवर ४० वॉट लिहिले असतील तर चॅनेलला २५ ते ६० वॉटचा अ‍ॅम्प उत्तम. बाकी व्हॉल्यूमचं बटण कुणाच्या हातात आहे, त्यावर!

तीन स्थळं

छोटा क्लास-डी: तळहातावर मावणारा, ब्लूटूथवाला, दहा हजारांच्या आत. आवाज स्वच्छ असतो. पण '१००+१०० वॉट' वाचलं की अ‍ॅडॉप्टर बघा. २४ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला चॅनेलमागे फार तर ३६ वॉट निघतात. तेही पुरेसेच आहेत म्हणा, फक्त जाहिरातीला भुलू नका.

नवा इंटिग्रेटेड: यामाहा, डेनॉन किंवा देशी नॉर्ज. मोठ्या परदेशी ब्रँडचा घ्याल तर किंमत तिप्पट-चौपट. पण वॉरंटी मिळते आणि बऱ्याच मॉडेल्सना टर्नटेबलसाठी फोनो इनपुटही असतो.

जुना, दुरुस्त केलेला: १९७८ चा एनएडी ३०२० हा यातला हिरो, चॅनेलला जेमतेम २० वॉट असूनही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी या कामाचे जाणकार भेटतात. जपानमधून आलेला सेट असेल तर तो १०० व्होल्टचा नाही ना, हे आधी बघा.

अण्णांच्या मंडपवाल्या अ‍ॅम्पचं काय? तो भोंग्यांसाठी, लांबवर आवाज पोचवण्यासाठी बनवलेला असतो. बहुतेक वेळा मोनो, आणि मागे १०० व्होल्ट लाइनचे टर्मिनल. त्यांना घरचे स्पीकर चुकूनही जोडू नका.

मी तिसरं स्थळ पसंत केलं. चॅनेलला ४० वॉट, ८ ओहम आणि मोठं गोल बटण. कारण साधं होतं. हा सेट मी महिन्यातून एकदा लावणार आणि बाबा रोज. त्यांना अ‍ॅप नको, रिमोट नको. सीडी सरकवली, बटण फिरवलं, भीमसेनजी सुरू! पहिल्या दिवशी तानपुरा लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "असाच वाजायचा रे." मला तेवढं सर्टिफिकेट पुरलं.

मोहोळात गुणगुण नको

गावाचं नाव मोहोळ असलं तरी स्पीकरमधून मधमाश्यांची गुणगुण येऊन चालणार नाही. आवाज शून्यावर ठेवून कान लावा. 'हूं' ऐकू आलं तर आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा. शेतीपंप सुरू झाले की तुमच्याकडे व्होल्टेज खाली-वर होत असेल, तर एक चांगला स्टॅबिलायझर अ‍ॅम्पच्या बजेटातच धरा.

खरेदीला निघताना

- स्पीकरमागच्या पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- अ‍ॅम्पचे वॉट 'आरएमएस'मध्ये आणि ८ ओहमवर किती, ते विचारा. 'पीएमपीओ' ऐकलं की दुकान बदला.
- एका अ‍ॅम्पवर ८ ओहमच्या दोन जोड्या एकदम लावल्या की बहुतेक अ‍ॅम्पना भार ४ ओहमचा पडतो, हे लक्षात ठेवा.
- व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेतलात तर स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीच चालू करू नका.
- ऐकायला स्वतःच्या ओळखीची गाणी न्या. आणि जमलं तर, ज्यांनी ते स्पीकर तरुणपणी ऐकलेत, त्यांनाही सोबत न्या. पसंती त्यांची, पाकीट तुमचं!