पाय मोजा, मगच फवारा

गुलाबाच्या कोवळ्या फांदीला चीर पाडून अंडी घालणारी सॉफ्लाय युरोपात माळ्यांची डोकेदुखी आहे. तिचीच भाऊबंद तळेगाव ढमढेरेच्या मळ्यात मुळा, कोबी किंवा मोहरी लावणाऱ्यांनी ओळखायला हवी. ऑक्टोबर ते मार्च हा तिचा हंगाम. नारिंगी अंगाची, काळ्या डोक्याची, धुरकट पंखांची ही कीड माशी म्हणवली जात असली, तरी नात्याने ती मधमाशी-गांधीलमाशीच्या कुळातली. मादी करवतीसारख्या अवयवाने पानाची कड चिरून आत एकेक अंडे ठेवते. हिरवट काळी, पाठीवर पट्टे असलेली अळी सकाळ-संध्याकाळ पानांना भोके पाडते. हात लागताच अंगाचे वेटोळे करून खाली पडते. पुढे ती मातीत कोष करते. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण महिना जातो.

ही अळी पतंगाच्या अळीसारखी दिसते, आणि खरी फसगत इथेच होते. पतंगाच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात, हिला आठ. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी वापरतात ते बीटी जिवाणूचे औषध हिच्यावर चालत नाही. कुणी म्हणेल, जहाल कीटकनाशक दोघींनाही मारते, मग पाय कशाला मोजायचे? पण मुळ्याचा पाला आपण खातो, आणि फुललेल्या मोहरीवर मधमाश्या येतात. रोपे लहान असताना अळ्या वेचणे आणि वेळेवर पाणी देणे, ज्यात बऱ्याच अळ्या बुडून मरतात, हे उपाय आधी करून पाहिलेच पाहिजेत.