पेटवण

चूल, शेगडी, बंब किंवा भट्टी यांतील जाड सरपणाला आग लागावी म्हणून ज्या बारीक, कोरड्या व चटकन जाळ धरणाऱ्या पदार्थाला प्रथम विस्तव लावतात, त्याला पेटवण म्हणतात. सरपण उष्णता पुरविते. पेटवण केवळ सुरुवात करून देते. तथापि चुलीचा सर्वाधिक धूर या सुरुवातीच्या काही मिनिटांतच होत असल्यामुळे पेटवणाचा प्रश्न गृहिणीच्या आरोग्याशी निगडित आहे.

ज्वलनाची क्रिया : लाकूड हे प्रत्यक्ष पेटत नाही, पेटतात ते त्यातून निघणारे वायू. तापू लागलेल्या लाकडातील पाणी प्रथम वाफ होऊन निघून जाते. पुढे सु. २५०° ते ३००° से. तापमानापासून लाकडातील सेल्युलोज व तत्सम घटकांचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू सुटू लागतात आणि हवेशी मिसळल्यावर त्यांची ज्योत होते. मागे उरणारा कोळसा नंतर निखाऱ्याच्या रूपाने जळतो. ओंडक्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग लहान असल्याने बाहेरून दिलेली उष्णता आत झिरपून जाते व पृष्ठभाग पुरेसा तापत नाही. त्याच ओंडक्याच्या ढलप्या केल्या, तर पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि एका काडीच्या जाळावरही त्या धडधडतात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे लाकूड धुमसते, कारण उष्णतेचा मोठा भाग पाणी आटविण्यातच खर्च होतो.

प्रादेशिक प्रकार : पेटवण हे बहुधा त्या त्या मुलखातील पिकाचे उच्छिष्ट असते. कोकणात नारळाच्या वाळलेल्या झावळ्या, सोडणे व पोय. उसाच्या पट्ट्यात पाचट व चिपाडे. देशावर ज्वारीची धसकटे. सर्वत्र गोवरीचा तुकडा आणि सुताराच्या रंध्याखालून निघालेले छिलके. वर्धा जिल्ह्यात हे स्थान तुराट्यांनी व पऱ्हाट्यांनी घेतले आहे. धाम नदीकाठच्या पवनारसारख्या गावाच्या शिवारात कापूस व तूर ही मुख्य पिके असल्यामुळे हंगाम संपला की घराशेजारी त्यांच्या गंजी रचल्या जात. तुराटी आतून हलकी व सच्छिद्र असल्याने लवकर पेटते. पऱ्हाटी तिच्याहून कठीण असून पेटवण व सरपण अशी दोन्ही कामे करते. सातपुड्याच्या रानात सालईचा (बॉस्वेलिया सेराटा) डिंक मिळतो. त्यातील राळ व बाष्पनशील तेल यांमुळे तो झटकन पेट घेतो. हिमालयात चीड वृक्षाचे राळयुक्त लाकूड आणि उत्तर यूरोपात भूर्जाची साल ही याच जातीची पेटवणे होत. भूर्जाची साल किंचित ओली असली तरी जळते.

पऱ्हाट्यांच्या गंजीला मात्र एक मोठा दोष आहे. झाडावर राहून गेलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत दडून राहते व पुढील हंगामात तिचे पतंग कपाशीवर येतात. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे या अळीने अतोनात नुकसान केले. त्यामुळे पऱ्हाट्या शेताजवळ वा घराजवळ साठवू नयेत, त्यांचा बारीक चुरा करून खत करावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्या घरात चुलीला दुसरे पेटवण नाही, त्या घरी तो पाळणे किती अवघड, याचाही विचार व्हावयास हवा.

विस्तवाचे जतन : आगपेटी येण्यापूर्वी विस्तव नव्याने उत्पन्न करण्यापेक्षा तो टिकविणे सोयीचे असे. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवीत व पहाटे त्यांवर गोवरीचा चुरा घालून फुंकणीने फुंकीत. विझलाच तर शेजारून गोवरीवर निखारा आणीत. भांडलेल्या दोन घरांमधून ‘विस्तव जात नाही’ असे मराठीत म्हणतात, ते या देवघेवीच्या संदर्भात सहज उमगते. प्रवासात चकमक, गारगोटी व कापूस जवळ बाळगीत. यज्ञकर्मात अरणींच्या घर्षणाने अग्नी काढण्याची पद्धत आहे. तिच्यातही पडलेली ठिणगी झेलण्यास मऊ, कोरडा पदार्थ लागतोच. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मानवाच्या सामानात ठिणगी धरणारी वाळलेली अळंबी होती.

घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने १८२७ च्या सुमारास विक्रीस आणली. पुढील काड्यांतील पांढरा फॉस्फरस कामगारांच्या जबड्याचे हाड कुजवी. भारतात अशा काड्यांवर १९१३ च्या कायद्याने बंदी आली. विसाव्या शतकात रॉकेल (विदर्भात ‘मातीचे तेल’) घरोघरी पोहोचले आणि ओल्या सरपणावर ते ओतण्याची सवय जडली. धुमसत्या चुलीवर तेल ओतताच त्याची वाफ भडकते. भाजण्याच्या कित्येक अपघातांचे मूळ या सवयीत आहे.

वर्ध्यातील प्रयत्न : अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये झाली. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. वर्ध्याच्या मगनवाडीत संघाचे केंद्र होते. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ नाव दिलेली ‘मगन चूल’ १९४० नंतरच्या दशकात येथूनच पुढे आली. मातीची ही बंदिस्त चूल एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी तापविते व धूर धुराड्यावाटे बाहेर सोडते. अशा चुलीत पेटवणाचे महत्त्व वाढते : धुराडे थंड असेल तर हवेचा ओढा निर्माण होत नाही व धूर तोंडाशी परततो, म्हणून आरंभी काड्यांचा लहानसा पण तेजस्वी जाळ करून धुराडे तापवून घ्यावे लागते. ही साधी गोष्ट न समजावल्यास उत्तम चूलही घरात नकोशी होते. शेण जाळण्याऐवजी त्याचे खत करावे, हाही ग्रामोद्योग चळवळीचा आग्रह होता. वर्धा येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ग्रामीण तंत्रविद्येचे हे काम पुढे चालविले.

घरगुती हवाप्रदूषणामुळे २०२० साली जगात सु. ३२ लाख अकाली मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्या खेडोपाडी पोहोचल्या. तरी पाणी तापविण्यास व भाकरीसाठी चूल पुष्कळ घरांत टिकून आहे.

नवी पेटवणे : भुसा व मेण यांच्या वड्या, मेणात बुडविलेली चीडफळे यांचा वापर थंड देशांतील शेकोट्यांत होतो. लेसर किरणांनी लाकडावर नक्षी व जाळीकाम करणाऱ्या कार्यशाळांतून पातळ तुकडे मोठ्या प्रमाणावर उरतात. (लेसर लाकूड करवतीप्रमाणे कापीत नाही, ते त्या रेषेवर लाकडाचे वायू करून टाकते. जाळीच्या कडा काळवंडतात त्या यामुळेच.) हे तुकडे निर्भेळ लाकडाचे असतील तर उत्तम पेटवण होतात. प्लायवुड, दाबीव तंतुफलक किंवा रोगण लावलेले लाकूड मात्र चुलीत घालू नये, कारण त्यांतील फॉर्मॅल्डिहाइडयुक्त रेझिने व रंग जळून विषारी धूर निघतो.