दुबईचं विमान दीड तासात पोहोचतं? तिकिटावरची वेळ अशी वाचा

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. विमानाला सुमारे तीन तास लागतात. पण तिकिटावर सकाळी १० ला सुटून ११.३० ला पोहोचणार, असं दिसतं. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तिकिटावर त्या-त्या ठिकाणची वेळ छापतात, म्हणून हा फरक.

खरा घोळ परतीला होतो. दुबईहून ५ तारखेला रात्री १० ला निघालेला माणूस मुंबईत उतरतो ६ तारखेच्या पहाटे अडीचला. तिकिटावर वेळेशेजारी बारीक '+१' असतं, पण ती ६ ची पहाट आहे हे लक्षात येत नाही. मग घरचे ६ च्या रात्री गाडी काढतात अन् तो बिचारा पहाटेपासून विमानतळाबाहेर सामान घेऊन बसलेला! गाडी ५ च्या रात्रीनंतर, ६ च्या पहाटेच पोहोचेल अशी काढायची. उतरल्यावर बाहेर यायला तासभर जातोच, त्यामुळे चालकाला साडेतीन सांगितलं तरी चालतं.