सोळाशे आणि बीम

आंबोलीत भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात: सोळाशे आणि बीम. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावलं की सैन्यभरतीत ६० गुण, दहा बीम काढले की ४०. आठ काढले तर २७, सहा काढले तर १६, त्याखाली घरी. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग नुसते पार करायचे. शहरातल्या जिममध्ये ‘फंक्शनल’ हा शब्द हल्ली भिंतीवर रंगवलेला असतो. शरीर नेमकं कोणत्या कामासाठी कमवायचं, याचं इतकं रोखठोक उत्तर मात्र मला तिथे कधी मिळालं नाही.

इथे त्या उत्तरामागे अख्खा परिसर उभा आहे. शेजारचं चौकुळ सैनिकांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र घाटावर बेळगावात. मे २०१६ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झालेले, मरणोत्तर शौर्यचक्र मिळालेले नाईक पांडुरंग गावडे आंबोलीचेच. इथल्या पोराला सकाळी पाचला उठायचं कारण कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पाऊस ओसरल्यानंतरच्या दिवसांत पहाटे चढावर उभं राहिलं की धुक्यातून आधी बुटांचा आवाज येतो, मग माणसं दिसतात. चढ जोरात धावायचा, उतार चालत उतरायचा आणि दम पुरता बसायच्या आत पुन्हा वर. जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये वीस सेकंद झोकून काम आणि दहा सेकंद विश्रांती या पद्धतीचा अभ्यास मांडला, तेव्हापासून असल्या व्यायामाचा जगभर बोलबाला झाला. घाटातल्या फेऱ्या तितक्या काटेकोर नसतात, पण जात तीच. विरळ हवेचा फायदा होतो असं इथे कुणी कुणी सांगतं. ते मला पटत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आतबाहेर, एवढ्या उंचीला हवा काही फारशी विरळ होत नाही. फायदा चढाचा आहे. पाय जमिनीवर कमी आदळतो, मांड्या आणि पुठ्ठे जास्त ओढतात, छाती लवकर भरून येते. उतार धावत उतरणाऱ्याच्या मांड्या मात्र दोन दिवस धरतात, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो. सपाटीवरचा सराव वेगळाच. तिथे चारशे मीटरची फेरी ८२ सेकंदांत मारायची, अशा चार, सलग.

बीम म्हणजे दोन खांबांवर आडवा टाकलेला लोखंडी पाइप. हनुवटी पाइपच्या वर, खाली येताना कोपर पुरतं सरळ, पायाला झोका नाही. समोर उभे असलेले निवृत्त हवालदार मोजता मोजता थांबतात. “हात सरळ झाले नाय रे, ह्यो मोजूचो नाय.” पोरगा लोंबकळत राहतो, पुन्हा ओढतो. एके दिवशी सर्वांत भरदार छातीचा मुलगा सातव्याला अडकला. सावंतवाडीच्या जिममध्ये तो बेंच प्रेस आणि बायसेप्स मन लावून करतो, पण बीमला पाठ ओढते, बोटं धरून ठेवतात आणि कमावलेलं वजनही स्वतःलाच वर न्यावं लागतं. त्याच्या निम्म्या अंगाच्या पोराने दहा काढले.

म्हणून जिम निरुपयोगी, असं मी म्हणणार नाही. ज्याला एकही बीम निघत नाही, त्याने पाइपला नुसतं लोंबकळून पाठ कशी कमवायची? त्याला पुलडाउनचं मशिन हवं. तिथे वीस किलोंपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवता येतं. जिमचा आणखी एक उपयोग आहे. २०२३ पासून सैन्यभरतीत लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर आलं. महिनोन्महिने पुस्तकाला बसलेली पोरं निकाल लागताच डांबरी रस्त्यावर सुटतात आणि नडगी दुखवून घेतात. पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजू वजनाने आधी तयार केली, तर यातलं बरंच टळेल. फक्त दोन्हीकडे एकाच वेळी जीव तोडू नये. रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात ताकद आणि दम दोन्ही जोरात करणाऱ्यांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी घटली. हवालदार चढाच्या दिवशी बैठका काढू देत नाहीत. हिक्सनचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. पोरांचे पाय त्यांनी वर्षानुवर्षं बघितले आहेत.

खरी अडचण पावसाची आहे. वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात जून ते सप्टेंबर रस्ता शेवाळलेला आणि पाइप निसरडा असतो. वर्षभर कमावलेली पकड त्या चार महिन्यांत सुटते. जिल्ह्याच्या ठिकाणी मशिनांच्या व्यायामशाळांना पैसा मिळतो. इथे आधी बीमवर पत्र्याचं छप्पर घालावं, खाली चढायला एक दोर, थोडी वजनं आणि नवख्यांसाठी ते एक पुलडाउनचं मशिन द्यावं. आणि हे येत्या मे महिन्याच्या आत व्हावं.