कोतवाल बुक आणि त्याचा नक्कलनवीस

कुंभवलीच्या शिवाराला आज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा शेजार लाभला असला, तरी अशा गावांतील माणसांच्या जन्ममृत्यूची हकिकत ज्या दप्तरात सामावली आहे ते कारखान्यांच्या पुष्कळ आधीचे असून, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात आणि महसूल खाते गाव नमुना १४. पालघर जिल्हा २०१४ सालचा. जुनी बाडे ठाणे जिल्ह्याची, आणि फार जुन्या कागदांत तर तालुक्याचे नावही माहीम असे आढळते.

अशा नोंदवह्या इतरत्रही ठेवल्या गेल्या. इंग्लंडात १५३८ साली राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्यास फर्माविले. कॅथलिक जगाला तशीच शिस्त ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली लावली, आणि आमच्याच जिल्ह्यात वसईच्या चर्चांतून बाप्तिस्म्याची वही आजही चालू आहे. त्या वहीत मूल नाव घेऊनच प्रवेश करते. कोतवाल बुकात मात्र वर्दी बारशाच्या आधीच पोचत असे, म्हणून पुष्कळ नोंदींत मुलाच्या नावाचा पत्ताच नसतो. मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात आणि तारीख एवढ्याच आधारावर तो जीव ओळखावा लागतो.

म्हणूनच बापाच्या नावाचे एकेक अक्षर मोलाचे. ही जुनी बुके मोडी लिपीत आहेत, आणि मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली बोरूने वा टाकाने अक्षरे एकात एक गुंतवीत नेण्याची रीत. शब्दांत अंतर नाही, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. वारली घरांत जन्मवारावरून ठेवलेले बुध्या किंवा शुक्र्या हे नाव सुशिक्षित नक्कलनवीसाच्या लेखणीखाली सहज बुधाजी किंवा शुक्राचार्य होऊन बसते, आणि तेथे नातवाचा पुरावा कायमचा तुटतो. अक्षर लागले नाही तर जागा रिकामी सोडून समासात शंका नोंदविणे, शुद्धलेखन न सुधारणे आणि मूळ पानाचा क्रमांक न गाळणे, ही नक्कल करण्याच्या विद्येची खरी सचोटी होय.

जातपडताळणीत अनुसूचित जमातींना १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो; २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर तर मोडी वाचकांना तहसील कचेरीत एकाएकी मान आला. परंतु गरजेपुरती एक ओळ शोधून उरलेले पान पुन्हा फडक्यात बांधणे हा मला या दप्तराचा अपमान वाटतो. त्याच पानावर भंडारी, वाडवळ, मांगेला, वारली, महार यांची मुले एका आठवड्यात शेजारी शेजारी जन्मलेली असतील. साथीच्या सालात त्यांचेच मृत्यू एकाखाली एक उतरले असतील. एका जातीपुरते पान वाचले, तर यातील काहीच दिसत नाही.

पानांच्या छायाचित्राने कागद वाचेल. पण जे वाचता येत नाही ते शोधताही येत नाही. यास्तव प्रत्येक गावाचे बुक पहिल्या पानापासून अखेरपर्यंत देवनागरीत उतरवावे, आणि जिल्ह्यातील शिक्षकांनी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोडी शिकून आपापल्या गावाचे एक तरी बाड अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.